जवानाच्या अर्जाला उत्तर द्या : ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, ठाणे
तथा अध्यक्ष, जिल्हा सैनिक मंडळ

विषय : सेवेतील जवानांचे अर्ज आणि त्यांच्या आत्महत्या रोखण्याबाबत

महोदय,

विषय वाचून आपल्या टपाल शाखेला वाटेल की हे पत्र चुकून इकडे आलं. सैन्यातल्या आत्महत्या म्हणजे संरक्षण मंत्रालय, फार तर सदर्न कमांड. त्यात कलेक्टर कचेरीचा काय संबंध? असा शेरा मारून पत्र पुढे सरकवलं जाऊ नये, म्हणून ते उघड लिहितो आहे.

मी पायदळाच्या एका बटालियनमध्ये क्लार्क होतो. सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता घणसोलीत राहतो. माझ्याकडे लढाईच्या गोष्टी नाहीत. सगळी नोकरी पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेच्या नोंदी), छुट्टीची सर्टिफिकेटं आणि पत्रव्यवहार यांत गेली. त्या पत्रव्यवहारातला एक जाड गठ्ठा आपल्यासारख्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचा असायचा.

पद्धत अशी असते. जवानाच्या घरी तंटा उभा राहिला की तो कंपनी कमांडरकडे अर्ज देतो. अर्ज हिंदीत, 'श्रीमान कमान अधिकारी महोदय' असा सुरू होणारा, बॉलपेन इतकं दाबून लिहिलेला की अक्षरं कागदाच्या मागे उमटलेली. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेला सातबारा, फेरफाराची नक्कल, कधी पोलीस ठाण्यातल्या अदखलपात्र तक्रारीची प्रत. मी त्यावरून इंग्रजीत पत्र टाइप करायचो, सीओ साहेब (कमान अधिकारी) सही करायचे आणि ते त्या जिल्ह्याच्या कलेक्टरला किंवा पोलीस अधीक्षकांना रवाना व्हायचं. त्या दिवसापासून जवान संध्याकाळच्या रोलकॉलनंतर ऑफिसच्या दारात डोकावून जायचा. 'साब, कुछ आया?'

कधी काहीच यायचं नाही. कधी यायचं ते असं : 'आपले पत्र पुढील उचित कार्यवाहीसाठी तहसीलदार यांच्याकडे वर्ग करण्यात आले आहे.' आमची बटालियन मिश्र होती, ऑफिसात मराठी येणारा मी एकटाच, त्यामुळे अर्थ मलाच सांगावा लागे. एक सीओ केरळचे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, 'मग काम झालं की नाही झालं?' या वाक्याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

आता आकड्यांकडे येतो, कारण आकड्यांशिवाय फाइल हलत नाही. जुलै २०२२ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केली : भूदलातले ६४२, हवाई दलातले १४८, नौदलातले २९. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं, आसाम रायफल्स आणि एनएसजी यांचा पाच वर्षांचा आकडा राज्यसभेत आला, ७३०. त्याच उत्तरात गृह मंत्रालयाने नेमलेल्या कार्यदलाचा एक निष्कर्ष होता. ८० टक्क्यांहून अधिक आत्महत्या जवान रजेवरून कामावर परतल्यानंतर झालेल्या होत्या. कारणांत घरातला मृत्यू, नवरा-बायकोतला बेबनाव, पैशाची अडचण, मुलांच्या शिक्षणाची आबाळ.

हा निष्कर्ष निमलष्करी दलांचा आहे, पण छुट्टीवरून परतलेला माणूस आम्हीही ओळखत होतो. भूदलात जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. ऐकायला भरपूर वाटते. त्यातले पहिले दिवस पाहुणेरावळे आणि देवदेव यांत जातात. मग तो तालुक्याला जातो. साहेब मीटिंगला गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी साहेब असतात, पण संबंधित क्लार्क रजेवर. मग शनिवार-रविवार, मग गणपती. भूमी अभिलेखची मोजणीची तारीख पडते ती नेमकी त्याची छुट्टी संपल्यावर. पोस्टवर असताना भावकीचं भांडण फोनवर ऐकू यायचं, 'घरचे वाढवून सांगत असतील' असं म्हणून झोपता यायचं. आता सरकलेला बांध त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, आईला शिवीगाळ झालेली स्वतःच्या कानांनी ऐकलेली असते, आणि हातात परतीचं रेल्वे वॉरंट असतं.

एका कारणाने कुणी जीव देत नाही, हे मला कळतं. नैराश्य हा आजार आहे. झोप मोडलेली असते, दारू वाढलेली असते, वरिष्ठ चारचौघांत काहीतरी लागट बोललेला असतो, अलीकडे ऑनलाइन जुगारात आणि ऑप्शन ट्रेडिंगमध्ये घालवलेला पैसा असतो. सैन्याचा दोष झाकायला मी हे पत्र लिहीत नाही. छुट्टी अडवून ठेवणारे कंपनी कमांडर मी पाहिलेत. 'घरगुती कारण' एवढं लिहून चौकशीची फाइल बांधून टाकणंही मी पाहिलंय. मात्र घरगुती म्हणजे कुणाचंच नव्हे, असा त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी सोयीने घेतला जातो. युनिट म्हणतं, तंटा सिव्हिलचा आहे. सिव्हिल म्हणतं, माणूस युनिटचा आहे.

एक उदाहरण देतो. आमच्याकडे एक लान्स नायक होता, पश्चिम महाराष्ट्रातला. गाव, जिल्हा सांगत नाही. चुलत्याशी जमिनीचा वाद. छुट्टीवरून आला तो गप्प झालेला. व्हॉलीबॉलचा चांगला खेळाडू, पण ग्राउंडवर जाईना. लंगरमध्ये ताट घेऊन बसायचा आणि तसंच ठेवून उठायचा. एक दिवस त्याने आपलं घड्याळ बडीला, म्हणजे जोडीदार जवानाला, देऊन टाकलं आणि नवा ट्रॅकसूट दुसऱ्या एकाला. बडी राजस्थानचा, शिक्षण बेताचं, पण त्याला हे खटकलं. तो त्याच रात्री सुभेदार मेजर साहेबांकडे गेला.

एसएम साहेबांनी लेक्चर दिलं नाही, 'मर्द बन' वगैरे काही म्हटलं नाही. चहा मागवला आणि सरळ विचारलं, 'मरने का ख्याल आता है क्या?' असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेलं भरवलं जातं अशी भीती पुष्कळांना वाटते. डॉक्टर सांगतात की तसं होत नाही. उलट, विचारणारा कुणीतरी भेटला म्हणून माणूस मोकळा होतो. तो 'हां साब' म्हणाला आणि रडला. त्या क्षणापासून त्याला हत्याराची ड्युटी नाही, बडी सतत सोबत, आणि सकाळी मिलिटरी हॉस्पिटल.

तिकडे सीओ साहेबांनी या वेळी पत्र पाठवण्याऐवजी त्या जिल्ह्यातल्या प्रांत साहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आपणहून उलट फोन केला : मोजणी पुढे ढकलली आहे, नवी तारीख अमुक, त्याआधी जवानाला नोटीस युनिटच्या पत्त्यावर मिळेल, निकाल त्याच्या बाजूने लागेल असा शब्द मात्र मी देत नाही. एवढंच. सीओ साहेबांनी ते हॉस्पिटलमध्ये जाऊन त्याला सांगितलं.

त्याला बरं डॉक्टरांनी आणि औषधांनी केलं, प्रांत साहेबांनी नव्हे. पण नैराश्याची औषधं लागू पडायला काही आठवडे जातात, आणि ते आठवडे काढणंच अवघड असतं. त्या काळात हातात एक तारीख होती याचा आधार झाला, हे तो स्वतः सांगतो. जमीन त्याला सगळी मिळाली नाही. पुढे हवालदार होऊन पेन्शनवर आला, मुलीचं लग्न झालं, पत्रिका मला आली होती.

सगळ्यांचं असं झालं नाही. जे गेले त्यांच्याबद्दल इथे एकच सांगतो. आत्महत्येने गेलेल्या जवानाला लष्करी मानवंदना मिळत नाही, तसा १९६७ चा आर्मी ऑर्डर आहे. पेटी गावात येते तेव्हा गार्ड नाही, बिगुल नाही, आणि लोक घरच्यांनाच विचारतात की असं का. त्या प्रश्नाला तोंड देणारी बाई आपल्या जिल्ह्यात राहत असेल तर सैनिक कल्याण कार्यालयाने आपणहून तिच्या दारी जावं. अर्ज घेऊन या, असं तिला तरी सांगू नये.

आता आपल्या हातात काय आहे ते. 'इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट' हा १९२५ चा कायदा अजून लागू आहे. त्यात कलेक्टरला थेट अधिकार दिलेला आहे. आपल्या जिल्ह्यात राहणारा किंवा जिल्ह्यात मालमत्ता असलेला सैनिक न्यायालयातल्या प्रकरणात पक्षकार आहे, पण तो हजर राहू शकत नाही आणि त्याच्या वतीने उभं राहणारं कुणी नाही, असं दिसलं तर कलेक्टर तसं न्यायालयाला प्रमाणित करून कळवू शकतात. मग, काही अपवाद सोडता, न्यायालय कामकाज स्थगित ठेवून लष्करी अधिकाऱ्यांना कळवतं. हा कायदा मी अनेक पत्रांत उद्धृत केला. त्याचा आधार घेऊन उत्तर आलेलं एकही पत्र मला आठवत नाही. आपल्या कार्यालयात कुणी तो वाचलेला असेल तर उत्तमच. नसेल तर पानं थोडीच आहेत, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचून होईल.

२०२५ च्या कारगिल विजय दिनी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक कल्याण कार्यालयांतच विधी सहाय्य केंद्र चालवायचं, ही तिच्यामागची कल्पना, आणि निमलष्करी दलांची कुटुंबंही तिच्यात धरली आहेत. ठाण्यात हे केंद्र आठवड्यातून ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी उघडं असतं हे जवानाच्या घरी माहीत असायला हवं. योजना जाहीर होणं आणि टेबलामागे वकील बसलेला असणं, यांत आपल्याकडे बरंच अंतर असतं.

ठाणे जिल्ह्याची गोष्ट इतरांपेक्षा वेगळी आहे, आणि ती दिल्लीतल्या कुठल्याही योजनेत दिसत नाही. इथे छावणी नाही. पुण्यात, देवळालीत जवानाचं कुटुंब फॅमिली क्वार्टरमध्ये असतं, शेजारीण फौजीचीच बायको असते, एखादीचा चेहरा उतरलेला दिसला तर चार जणी विचारतात. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, ऐरोलीत, कळव्यात, दिव्यात फौजीचं घर म्हणजे मजल्यावरचं एक बंद दार. घरी बाई, सासू आणि मूल. नवरा अरुणाचलात. कोपरखैरणे-घणसोलीत तर निम्मं पाटण, जावळी, खटाव येऊन राहिलेलं आहे. तिथल्या पोराची शेती साताऱ्यात, कुटुंब नवी मुंबईत, आणि बायकोशी वाद असेल तर दावा इथल्या कौटुंबिक न्यायालयात. सैन्याच्या नोंदीत पत्ता गावचा, म्हणून पत्र जातं सातारच्या कलेक्टरला. खारघर-कामोठ्यात राहत असेल तर जिल्हा रायगड, सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला. एका माणसाचे तीन कलेक्टर, आणि तिघांनाही तो आपला वाटत नाही.

शिवाय इथली जमीन. शहापूर, भिवंडी, कल्याण तालुक्यांत समृद्धी आणि मुंबई-वडोदरा महामार्गासाठी भूसंपादन झालं. जिथे मोबदला आला तिथे भावकी जागी झाली. आणि जमीन नसलेल्यांचं घराचं दुखणं. फौजीला बँक कर्ज लगेच देते, पगार बांधलेला असतो ना. कल्याण-डोंबिवलीत खोट्या कागदपत्रांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. लडाखमध्ये बसून ब्रोशर पाहून फ्लॅट बुक करणारा पोरगा महापालिकेत जाऊन परवानगीची फाइल कशी तपासणार? त्याच्या वतीने ती तपासून देणारा एक माणूस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असेल तर ते आत्महत्या रोखण्याचंच काम आहे, कुणी त्याला तसं नाव दिलं नाही तरी.

डॉक्टरकडे जाण्याबद्दल थोडं. सैन्यात प्रत्येकाची मेडिकल कॅटेगरी असते, 'शेप' म्हणतात, त्यातलं पहिलं अक्षर मनाचं. मानसोपचार डॉक्टरकडे गेलो की कॅटेगरी खाली येईल, प्रमोशनचा कॅडर (कोर्स) हुकेल, आणि बराकीत 'सायको केस' म्हणून हाक मारतील, ही भीती खरी आहे. समुपदेशक नेमले गेले, नॉर्दर्न कमांडमध्ये 'मिलाप' आणि 'सहयोग' असे प्रकल्प झाले, त्यांचा उपयोगही झाला. पण भीती गेलेली नाही. त्यात आणखी एक विसंगती. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं ठरवलं आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायला सांगितलं. आर्मी ॲक्टच्या ६४ व्या कलमात तोच प्रयत्न सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. हे आपल्या अखत्यारीतलं नाही, दिल्लीला वेगळं लिहीन.

आपल्या अखत्यारीत ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे असं नव्हे, पण ते आपल्या शहरात आहे. १९०१ पासून. 'याला ठाण्याला भरती करा' ही आपल्याकडची जुनी चेष्टा, त्यामुळे छुट्टीवर आलेला जवान त्या फाटकातून आत जाईल ही आशा सोडलेली बरी. तिथल्या एका डॉक्टरने महिन्यातून दोनदा सैनिक कल्याण कार्यालयात येऊन बसावं. बाहेर पाटी 'आरोग्य सल्ला' एवढीच. पेन्शनच्या कागदासाठी आलेल्या माणसाला तिथे जाऊन बसताना कुणी बघितलं तरी काही वाटणार नाही.

आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही. सैन्यदलांसाठी टेलिमानसचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याला एएफएमसीत (सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सुरू झाला, तो कुटुंबीयांसाठीही आहे. हा नंबर माझ्या सोसायटीतल्या एकाही फौजी घराला माहीत नव्हता. ध्वजदिन निधीच्या प्रत्येक पावतीच्या मागे तो छापायला काय खर्च येणार आहे? पावतीची मागची बाजू कोरीच असते.

बायकांचं राहिलं. फोनवर नवऱ्याचा आवाज बदललाय हे सगळ्यांत आधी तिला कळतं. 'मी नसलो तर एलआयसीचे कागद कपाटात आहेत' असं तो सहज बोलून जातो आणि तिच्या पोटात गोळा येतो. तिने कुणाला सांगायचं? तिच्याकडे युनिटचा पोस्टल पत्ता असतो, कंपनी कमांडरचा नंबर नसतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने जिल्ह्यात राहणाऱ्या सेवेतल्या जवानांच्या कुटुंबांची नोंद ठेवावी, गावचा पत्ता कुठलाही असो. आणि एक फोन ठेवावा, ज्यावर तिने सांगितलं की तासाभरात इथला अधिकारी त्या युनिटच्या ॲडज्युटंटशी (कमान अधिकाऱ्याचं कार्यालय सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याशी) बोलेल. फौजी फौजीशी बोलला की काम लवकर होतं. आपले सैनिक कल्याण अधिकारी स्वतः निवृत्त फौजीच असतात.

तळोज्याला रॅपिड ॲक्शन फोर्सची १०२ बटालियन आहे, खारघरला सीआयएसएफची वसाहत. जागा रायगडात, पण त्यांच्यातले बरेच जण घर करून आपल्या हद्दीत राहतात. सैनिक मंडळाच्या व्याख्येत ते बसत नाहीत, म्हणून दारातून परत पाठवले जातात. वरचा ७३० चा आकडा त्यांचाच आहे. व्याख्या मंत्रालय बदलेल तेव्हा बदलेल, तोवर त्यांचा अर्ज घ्यायला काय हरकत आहे?

माझी मुख्य मागणी एकच आहे, ती शेवटी ठेवली. कुठल्याही कमान अधिकाऱ्याचं पत्र आपल्याकडे आलं की सात दिवसांत युनिटला लेखी उत्तर जावं, आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात : प्रकरण कुणाकडे आहे त्याचं नाव आणि फोन, पुढची तारीख, आणि जवान नसताना त्याच्या पाठीमागे काही निकाल होणार आहे की नाही. काम नियमात बसत नसेल तर 'बसत नाही' असं कारणासह लिहावं. नकार पचवता येतो, फौजी माणसाला तर येतोच. २०२२ मध्ये राज्यात 'अमृत जवान' अभियान झालं तेव्हा अशी प्रकरणं भराभर निघाली होती, म्हणजे यंत्रणेला हे जमतं. अभियान संपलं की पुन्हा 'वर्ग करण्यात आले आहे' सुरू होतं, दुखणं ते आहे.

जिल्हा सैनिक मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि प्रलंबित पत्रांची यादी त्या दिवशी टेबलावर असावी, ही विनंती. यादी करायला माणूस कमी पडत असेल तर मला बोलवा. घणसोलीहून ठाण्याला सरळ लोकल आहे, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही टायपिंग येतं, मानधन नको. या पत्राचं उत्तर मात्र लेखी द्यावं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार (क्लार्क)
घणसोली, नवी मुंबई